पायलीचा गळा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई हरणाबाई, माणसाचा गळा मापात मोजायच्या. कोणी गायला लागलं की त्या डोळे बारीक करायच्या, दोन ओळी ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "चिपट्याची हाय." चिपटं, मापटं, शेर, पायली अशी लहानाकडून मोठ्याकडे धान्याची मापं. जात्यावर बसल्यावर किती दळण होईस्तोवर गळा टिकतो, त्यावर गाणारणीची किंमत. चिपट्याची बाई पीठ पडायच्या आत धापा टाकते. पायलीची बाई पायली संपली तरी 'ओत आजून' म्हणते. अख्ख्या आमच्या कुंडल गावात पायलीचा गळा एकच होता, आणि तो कुणाचा हे आत्याबाईंच्या समोर विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमच्याकडे लग्नाआधी हळद दळतात. पाच सवाष्णी जात्याला आंब्याची पानं बांधतात आणि पहिली ओवी म्हणणारणीला घरधनीण आधीच हळकुंड पाठवून बोलावणं करते. मुकं जातं फिरवायचं नाही असा दंडक आहे, ओवी थांबली तर अपशकुन. ते हळकुंड मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याच घरी येत होतं. आत्याबाईंना दागिन्यांची हौस नव्हती, खाण्याची नव्हती. पहिल्या ओवीची मात्र होती, आणि ती जराही लपवायच्या नाहीत.

त्यांची धाकटी जाऊ बनुबाई. हिचा गळा म्हणजे फुटका रांजण. आत्याबाई गायच्या तेव्हा बनुबाई शेजारी बसून जात्याच्या तोंडात हळदीची ओंजळ घालायची. त्यामुळे गाण्यावरून दोघींत भांडण झालं नाही. भांडायला बांध होता, आंब्याचं झाड होतं, तेवढं पुरायचं.

सगळं बिघडलं ते बनुबाईच्या लेकीमुळे. विजयमाला पुण्यात मामाकडे कॉलेजला होती. ती कुठल्याशा गाण्याच्या स्पर्धेत उतरली आणि मुंबईच्या टीव्हीवर लोकगीतांची स्पर्धा होती तिच्यात तिची निवड झाली. महिन्यातून एकदा कार्यक्रम, तीन महिन्यांनी निकाल. बातमी कुंडलात आली त्या दिवशी बनुबाईनं गावभर साखर वाटली. आमच्या घरी वाटी आली ती आत्याबाईंनी मुंग्यांना घातली.

येत्या वैशाखात हंबीरराव पाटलांच्या लेकीचं लग्न होतं. पंचक्रोशीत गाजेल असं लग्न, पुण्या-मुंबईची पाव्हणी येणार. पाटलीणबाई पारावर सहज बोलून गेल्या, "विजू टीव्हीवर पयली आली तर हळदीचं हळकुंड तिच्याच घरला धाडायचं. पाव्हण्यांस्नी सांगाय बरं पडतंय." त्या सहज बोलल्या खऱ्या, पण आत्याबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता टीव्ही बघायचा कुठं? आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, पण कुंडलात टीव्ही नव्हता, आणि आणला असता तरी तिथवर लहरी पोचत नव्हत्या. आम्ही होतो पाचगणीला. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यावं म्हणतात, पण लिहिताना कोण अडवतंय? कृष्णात. ते एका मुंबईच्या शेठच्या बंगल्यावर माळी आणि राखणदार होते. शेठ मे महिन्यात तेवढा यायचा. बाकी वर्षभर त्याचा टीव्ही झाकून असायचा आणि ओलीनं बिघडू नये म्हणून आठवड्यातून दोनदा लावत जा असा शेठचाच हुकूम होता. एरवी आत्याबाईंना पाचगणीचं नाव काढलं की थंडी वाजायची. दोन बाळंतपणांत मी बोलावलं, आल्या नाहीत. त्या पौषात गाठोडं घेऊन न सांगता दारात उभ्या राहिल्या.

"बनी एष्टीपतुर आलती," लुगडं झटकत त्या म्हणाल्या. "पाया पडली माझ्या! आजवर कवा पडली न्हाई. माझ्या लेकीकडं नीट ध्यान दे म्हणली. मीबी आशीर्वाद दिला. तोंडदेखला."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हे कौलांवर चढून अँटेना फिरवत होते आणि मी खिडकीतून ओरडत होते, "मुंग्या हायत, मुंग्या हायत, आलं, आलं, ऱ्हावा तसंच!" आत्याबाई सतरंजीवर पाय पसरून बसल्या, परीक्षकांच्याही वरच्या परीक्षक.

पहिली नागपूरकडची मुलगी आली. केसांत गजरा, हातात रुमाल.

"शेराची," आत्याबाई म्हणाल्या. "गळ्यात खळगा पडत न्हाई बघ. ही टिकंल."

मग कोकणातला एक मुलगा डोळे मिटून गायला. "ह्यो दळाय बसला तर झोपंल. चिपटं." मग पुण्याची एक प्रौढ बाई, पेटी वाजवणारी. "गळा बरा हाय, पर ही मधीच थांबून च्या पिणारी. मापटं." मी हसून हसून बेजार झाले. आत्याबाई हसत नव्हत्या. त्या खरोखर वाट बघत होत्या, यातली कुठली बाई विजूला पाडेल याची.

मग विजू आली. लहान दिसत होती त्या काचेत. काळ्यापांढऱ्यातसुद्धा तिच्या कपाळावरचा घाम दिसला. तिनं पंचमीचं एक फेराचं गाणं घेतलं आणि पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला. मी आत्याबाईंकडे बघितलं. चेहरा दगड. पण मांडीवरचा उजवा हात गोल गोल फिरत होता, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. गाणं संपेपर्यंत फिरत राहिला.

"आत्याबाई, विजू कितीची?"

"मापटं."

"निस्तं मापटं?"

"शिगोशीग मापटं म्हण," म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांनी हाताकडे बघितलं आणि तो पदराखाली घेतला.

गावात टीव्ही बघितलेलं माणूस एकच, आणि तेच जळणारं. दुसऱ्या दिवशी आत्याबाई कुंडलला उतरल्या तेव्हा ओट्यावर बायकांची ही गर्दी. शेजारणीनं मला नंतर सगळं सांगितलं. आत्याबाईंनी नागपूरच्या पोरीचं वर्णन गजऱ्यापासून रुमालापर्यंत केलं, कोकणातल्या मुलाची नक्कल केली, पुण्याच्या बाईची पेटी वाजवून दाखवली. बनुबाई वाट बघून कंटाळली. "आन् माझी विजू गं आक्का?"

"दिसली की," आत्याबाई म्हणाल्या. "लुगडं चांगलं हुतं."

मत्सर माणसाला आतून खातो असं कीर्तनकार सांगतात. आमच्या आत्याबाईंची तर त्यावर भूक वाढली होती. माघात त्या पुन्हा आल्या, भाकरी दुप्पट खाऊ लागल्या, आणि भांडी घासता घासता नागपूरच्या पोरीचं भलं चिंतू लागल्या. न पाहिलेल्या गावच्या, न ओळखीच्या त्या पोरीसाठी ग्रामदेवाला नारळसुद्धा बोलून झाला. स्वतःच्या पुतणीसाठी उदबत्ती नाही. मी एकदा म्हटलं, "आवं, विजू आपल्याच घरची हाय की." तर म्हणाल्या, "म्हणूनच. परक्याचं दुखत न्हाई गं. भिंतीपल्याडचं दुखतंय."

दुसऱ्या कार्यक्रमाला नागपूरची मुलगी झकास गायली. आत्याबाई मांडी थोपटून "शेर! शेर!" करत होत्या. मग विजू. या खेपेला तिनं हळदीचीच ओवी घेतली, आमच्या गावात सगळ्याच म्हणतात ती.

हळदीचा गं वास, गेला वेशीच्या भायेरी,
लेक निघाली सासरी, तिला उंबरा आवरी.

आत्याबाई काचेकडे एकटक बघत होत्या. ओठ हलत होते. मी कान दिला. "अडकू दे," त्या पुटपुटत होत्या, "एकदा अडकू दे." आणि विजू 'भायेरी'वर गेली, आवाज वर चढला आणि तिथं टचकन अडकला. क्षणभर नुसता श्वास. मग पुढं सुटला.

आत्याबाई ताडकन उभ्या राहिल्या. तोंडावर पदर. "मी केलं गं," म्हणाल्या. "माझी नजर लागली."

हे कौलांवरून उतरून आत आले. त्यांनी समजावलं, "आये, हे आजचं न्हाई. धा-पंधरा दीस आदी भरून ठिवत्यात फिल्मीवर. तवा तू कुंडलात हुतीस."

"मग तवाबी जळतच हुते की!" आत्याबाई ओरडल्या. "नजरंला वार आसतो व्हय रं?"

त्यांना पोरीचं वाईट व्हावं असं वाटत होतं, पण ते आपल्या हातून व्हावं असं नव्हतं. दुसऱ्या कुणी पाडली असती तर त्यांनी पुरणपोळी केली असती.

आमच्याकडे एखाद्याची नजर लागली असा संशय असला की त्या माणसाच्या पायाखालची माती गुपचूप उचलतात आणि मीठ-मिरच्यांबरोबर उतरून चुलीत टाकतात. पण आपली माती आपणच नेऊन देणं म्हणजे 'मी जळते' असं वेशीवर टांगण्यासारखं. आत्याबाईंनी सकाळी बंगल्याच्या बागेत चप्पल काढली, तांबड्या मातीत अनवाणी उभ्या राहिल्या, वाकून पायाखालची चिमूट उचलली आणि फडक्यात पुरचुंडी बांधली. मला म्हणाल्या, "चल. एकटीनं माझ्यानं व्हायचं न्हाई."

कुंडलला पोचलो तेव्हा बनुबाई दारात शेंगा फोडत होती. आत्याबाई इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. पुरचुंडी तिच्यापुढं धरली. "माझ्या पायाची हाय. पोरीवरनं उतरून टाक. अडकली ती गाताना."

बनुबाईनं पुरचुंडीकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"कशाला तरास घेतलास आक्का? ती मी मागंच उचलली की."

"कवा?"

"तू पयल्यांदा एष्टीत चढलीस तवा. पाया पडले न्हवं का मी?"

आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं. बनुबाईनं शांतपणे पुरचुंडी घेतली आणि कोनाड्यात ठेवली. "ऱ्हाऊ दे पर. उपेगाला यील."

परतीच्या गाडीत कऱ्हाड येईस्तोवर आत्याबाई चप्पल काढून आपले तळवे निरखत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मी तिला आशीर्वाद दिला हुता गं!"

फाल्गुनात निकाल लागला. सगळे स्पर्धक ओळीनं बसलेले. टक्कल पडलेले एक परीक्षक उठले आणि म्हणाले, पहिला क्रमांक विजयमालाचा. ती 'बाहेरी' या शब्दावर जी अडकते, तो गळ्यातला खटका कुठल्या शाळेत शिकून येत नाही, तो ऐकून आम्हां परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तिला विचारलं, "बाळ, हा खटका तू कुणाकडून घेतलास?"

विजू लाजली. माइकमध्ये म्हणाली, "आईकडून."

माझ्या हातातली वाटी पडली. हे मोठ्यानं हसले. "काकीकडनं? काकी गायली तर म्हसरं दावं तोडत्यात!"

"आत्याबाई," मी म्हटलं, "आवं तो खटका तुमचा हाय. 'भायेरी'वर तुमी अश्शाच अडकता. लहानपणी ती तुमच्या मांडीला लागूनच बसायची की जात्यावर."

"मी? मी कवा अडकते?" त्या चिडल्याच. "माझा गळा सरळ हाय. पायलीचा हाय!"

"आये, अडकतीस तू," हे म्हणाले.

आत्याबाईंनी जन्मात स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला नव्हता. कुठं ऐकणार? सकाळी मी नळावर गेले तर त्या रिकाम्या तांब्याच्या घागरीत तोंड घालून बसलेल्या. आतून ओवी घुमत होती. 'भायेरी' आलं, आवाज वर गेला आणि टचकन अडकला. त्या थांबल्या. पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथंच. न अडकता म्हणायचा प्रयत्न केला, जमला नाही. घागरीतून डोकं काढलं तेव्हा कपाळावर काठाचा वळ उठला होता.

"माझाच की गं," त्या म्हणाल्या. आणि मला वाटलं आता या सुखावतील, विरघळतील. कसलं काय. आजवर दुसऱ्याचं बघून जळत होत्या, आता स्वतःचंच दुसऱ्याच्या घरात बघून जळू लागल्या. हे दुखणं जास्त मोठं होतं. "माझ्या नजरंनं अडकली म्हणून मी माती घिऊन गेले," त्या नळाच्या कट्ट्यावर हात आपटून म्हणाल्या, "आन् पोरगी माझंच घिऊन आईचं नाव सांगती!"

चैत्र सरता सरता हळकुंड बनुबाईच्या घरी गेलं. विजूला बोलावणं होतं, पण तिची परीक्षा होती, आणि कुमारिकेला हळदीच्या जात्याचा खुंटा धरता येत नाही हे मागाहून ध्यानात आलं. मग पाटलीणबाईंनी विचार केला, पोरगी जिच्याकडून शिकली तीच आली तर आणखी बरं. टीव्हीवर सांगितलंय म्हणजे खोटं कसं असेल? जन्मभर बनुबाईचा आवाज ऐकलेल्या त्या गावानं टीव्हीवर विश्वास ठेवला.

हळदीला आत्याबाई जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या सगळ्यांच्या आधी गेल्या, नथ घालून, आणि खांबाला टेकून बसल्या. मी त्यांच्या शेजारी. पाटलांच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याच्या पाव्हण्या पुढं बसल्या होत्या. बनुबाई हिरवं लुगडं नेसून जात्याला बसली, खुंटा धरला, जातं फिरलं. तिनं तोंड उघडलं.

जे बाहेर आलं त्याला मी काही नाव देत नाही. पुण्याच्या पाव्हण्यांनी एकमेकींकडे बघितलं. एक पोर रडायला लागलं. बनुबाई घाबरून थांबली आणि जातं मुकं फिरू लागलं. बायकांत कुजबुज झाली. पाटलीणबाईंचा चेहरा पांढराफटक.

बनुबाईनं मान वळवली. "आक्का, घे की गं."

"का?" आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुझ्याकडनंच शिकलीया न्हवं लेक? म्हण की."

बनुबाई हळू आवाजात बोलली, पण मला सगळं ऐकू आलं. "ती कुणाकडनं शिकली ते मला ठावं हाय, तुला ठावं हाय. वीस वर्सं तुझ्या शेजारी बसून निस्ती ओंजळ घालत आले. कुणी इचारलं न्हाई, बने, तुला गावंसं वाटतंय का. एक डाव हळकुंड माझ्या दारात आलं, ते मी माघारी धाडू व्हय?"

ती इतकी वर्षं आत्याबाईंवर जळत होती, आणि आम्हांला वाटत होतं बांधावरून भांडतात. जातं तसंच मुकं फिरत होतं.

"माझी माती दे आदी," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. तुझ्यापाशीच हाय ती. ओळखते मी तुला."

होतीच. बनुबाईनं कमरेची चंची सोडली आणि पान-सुपारीतून पुरचुंडी काढून दिली. नजरेच्या भीतीनं ती घेऊनच बसली होती. आत्याबाई उठल्या. फडकं सोडून पाचगणीची ती तांबडी माती त्यांनी पाटलांच्या सारवलेल्या जमिनीवर टाकली, तिच्यावर दोन्ही पाय देऊन उभ्या राहिल्या, पाय घासले. मग जात्यापाशी बसल्या आणि बनुबाईच्या हाताच्या वर खुंटा धरून ओवी उचलली.

रडणारं पोर गप्प झालं. हळदीचा वास उठला, आवाज वेशीपर्यंत गेला, 'भायेरी'वर चढला आणि तिथं टचकन अडकला. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी डोळे पुसले.

पुढं बसलेल्या पाव्हण्यांतली एक कॉलेजातली मुलगी आनंदानं ओरडली, "अय्या! या मावशी अगदी त्या टीव्हीवरच्या विजयमालासारखं गातात! हुबेहूब उचललंय हं!"

आत्याबाईंची ओवी तुटली नाही. पण त्यांनी बनुबाईकडे बघितलं. 'विजू हिच्याकडनंच शिकली', एवढं एकच वाक्य बनुबाईनं बोलायचं होतं. बनुबाईनं खाली मान घातली आणि जात्याच्या तोंडात हळदीची ओंजळ टाकली.

"ओत आजून," दोन ओव्यांच्या मधे आत्याबाई म्हणाल्या. खुंटा जोरानं फिरू लागला. गाता गाताच त्यांनी मान वळवली आणि बनुबाईकडे पोटभर, डोळे न मिटता बघत राहिल्या. बनुबाईचा हात चंचीकडे गेला. चंचीत उतरायला माती नव्हती.